सोबतीचा अंगठा

वाईहून चंद्रपूरला मुलाकडे राहायला निघताना वृषालीबाई पिसाळ यांनी सामानाची यादी तीन वेळा केली आणि तिन्ही वेळा डबा त्या यादीत लिहिला नाही. यादी निहार वाचणार होता. मुलगा आईची यादी वाचतो तो मदत करायला, हे त्यांना कळत होतं. पण डब्याच्या बाबतीत त्यांना कुणाचीच मदत नको होती. दोन सुती साड्यांमध्ये गुंडाळून तो त्यांनी आपल्या हातपिशवीत ठेवला.

खरं म्हणजे डबा लपवण्यासारखी वस्तूच नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या ज्याच्या त्याच्या घरी आता तो असतो. पोळ्यांच्या डब्याएवढा, पांढरा, समोर एक बारीक दिवा. दंडाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक तुकडा बसवतात, लोक त्याला तीळ म्हणतात. औषध शरीरात किती उरलंय ते तीळ मोजतो, डबा ते वाचतो, आणि रोज सकाळी त्या माणसाची त्या दिवसापुरती गोळी घडवून पुढच्या वाटीत टाकतो. काल जुलाब झाले, परवा लग्नात दोन जिलब्या जास्त झाल्या, सगळं धरून गोळी लहान-मोठी होते. कुणाचा डबा रक्तदाबाचा, कुणाचा साखरेचा. बाहेरून सगळे सारखेच. वृषालीबाईंचा थायरॉइडचा होता, निदान मुलाला आणि सुनेला त्यांनी तसं सांगितलं होतं.

तो थायरॉइडचा नव्हता. त्यात लिथियम होतं.

मन एकदा उधळलं की झोप, भूक, भान काहीच उरत नाही आणि खाली बसलं की उठून दात घासणंही जड होतं, असा आजार त्यांना तिशीत झाला होता. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं त्यांनी एक दिवस गोळी चुकवली नाही. त्या वर्षांत त्यांनी हजारभर मुलांना बीजगणित शिकवलं, संसार केला, नवऱ्याचं आजारपण काढलं. आजाराची गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: नवरा विलासराव, डॉक्टर, आणि शेजारची सरोज फरांदे.

सरोजला ठाऊक असण्याला कायद्याचं कारण होतं. जी औषधं कमी झाली तरी घात आणि जास्त झाली तरी घात, त्यांच्या डब्याला एक सोबती लागतो. म्हणजे त्याच घरातलं किंवा भिंतीला भिंत लागून राहणारं एक माणूस, ज्याने आरोग्य केंद्रात जाऊन अंगठा द्यायचा; आकडा बिघडला की इशारा त्याच्या फोनवर जातो. आधी विलासराव सोबती होते. ते गेल्यावर सरोजने अंगठा दिला.

"आता तिकडं गेल्यावर गं?" निघायच्या दिवशी सरोजने विचारलं.

"तीस दिवसांची मुदत असते. बघू."

"बघू काय? निहारला सांग सरळ. पोटचा पोरगा आहे."

"सांगेन गं," वृषालीबाई म्हणाल्या. त्या सांगणार नाहीत हे दोघींनाही माहीत होतं.

ही तीस दिवसांची मुदत म्हणजे मोठा मजेशीर प्रकार होता. गाव बदललं की डबा 'प्रवासी' होतो. जुन्या डॉक्टरला दुसऱ्या जिल्ह्यातल्या उन्हापावसात मात्रा बदलायचा अधिकार नाही, आणि नव्या केंद्रात नाव नोंदवून सोबतीचा अंगठा पडेपर्यंत तिथल्या डॉक्टरला हा माणूस ठाऊकच नाही. तोवर डबा मागच्या महिन्याची सरासरी काढून रोज तीच गोळी घडवतो. तिळाकडून येणारा आकडा तो वाचतो, पण त्यावर काही करत नाही; फारच हाताबाहेर गेला तर गोळी थांबवतो, एवढंच. इशारा जातो तो जुन्या गावी, जुन्या सोबतीला. माणूस आपला आपोआप चालणाऱ्या गाडीत झोपून साडेआठशे किलोमीटर जातो. त्याची जबाबदारी मात्र मागेच राहते.

चंद्रपूरला पोचल्या तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि दारातल्या तुळशीवर हिरवी जाळी ताणलेली होती. निहार बंद पडलेल्या कोळसा खाणींवर झाडं लावायच्या कामात होता. सकाळी सहाला जायचा, दुपारी परतायचा. सून तेजल मूळची इथलीच. सातवा महिना लागला होता आणि रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी तिला मीठ कमी करायला सांगितलं होतं. घरात ते 'मीठ बंद' असं ऐकलं गेलं. तेजलच्या आईने फोनवरून हुकूम सोडला आणि तेजलचं ताट अळणी झालं.

पहिल्याच दिवशी जेवताना तिने अळणी वरणाचा घास घेतला, आणि डोळ्यांत पाणी आलं तशी हसायला लागली.

"आई, काय सांगू तुम्हाला, असं वाटते कागद खाऊन राहिली मी."

वृषालीबाईंना इतकं वाईट वाटलं की त्यांनी आपलं ताट बाजूला सारलं, तेजलच्या पातेल्यातलं वरण स्वतःला वाढून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझी सुटका होईपर्यंत मीही मीठ सोडलं. दोघी मिळून कागद खाऊ."

तेजलने त्यांचा हात धरला. निहार बघतच राहिला. संध्याकाळी तेजलच्या आईचा फोन आला, आणि तुमच्यासारखी सासू सगळ्यांना मिळो म्हणून झालं. विलासराव गेल्यापासून वृषालीबाईंना कुणाच्या उपयोगी पडल्यासारखं वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. त्या इतक्या सुखावल्या की आपण काय करून बसलो हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

लिथियम हे मिठाचं सख्खं भावंड आहे, आणि मूत्रपिंडाला त्या दोघांतला फरक नीटसा कळत नाही. अंगात मीठ भरपूर असलं की मूत्रपिंड दोघांनाही सैल हाताने बाहेर सोडतं. मीठ तुटलं की मात्र ते हाताला लागेल ते धरून ठेवतं, आणि त्यात लिथियमही धरलं जातं. गोळी तेवढीच, पण रक्तातला आकडा चढत जातो. त्यात चंद्रपूरचा मे महिना. अंगातलं उरलंसुरलं मीठ घामावाटे जातं. 'मीठ सोडू नका, कडक उपास करू नका' असं अठ्ठावीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बजावलं होतं आणि वृषालीबाईंनी ते पुष्कळ वर्षं पाळलंही होतं. मग डबा आला. एकादशी करा, उन्हातून या, तो सगळं सांभाळून घ्यायचा. सांभाळणारं कुणी असलं की माणूस विसरतो, तशा त्या विसरल्या.

आठव्या दिवशी चहा बशीत सांडला. दहाव्या दिवशी सुईत दोरा जाईना. त्यांनी ते उन्हावर ढकललं. डब्याचा हिरवा दिवा पिवळा झाला तेव्हा त्यांनी त्यावर लोकरीची विणलेली टोपी घातली. निहारने विचारलं तर म्हणाल्या, धूळ फार आहे इथे.

बाराव्या दिवशी, घरात कुणी नसताना, त्या वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात गेल्या. खिडकीत गेडाम नावाचे पन्नाशीचे औषधनिर्माते होते. त्यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला, मग नाव विचारलं.

"फॉर्म सोपा आहे बाई. जुना नंबर सांगा, तुमचं सगळं इथं येऊन जाईन. सोबती कोण?"

"सोबती नसला तर चालत नाही का?"

"एकट्या माणसाले केंद्र नेमून देते नं. तुमच्या घरी कोणी नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. शब्द तोंडाशी आलाही. पण पत्त्यावर निहारचं नाव होतं, आणि घरात मुलगा असताना कुणी नाही म्हणणं त्यांच्या जिभेला जमलं नाही.

"मुलगा आहे. सून आहे."

"मंग घेऊन या नं एकाले. पाच मिनिटांचं काम. अंगठा दिला की डबा आजच इथला होते."

"त्यांना... कसलं औषध ते कळतं का?"

गेडामांनी फॉर्मवरची नजर उचलली. "कळते. सांगाच लागते. इशारा आला आन् त्याले माहीतच नसलं कशाचा, तर का करन तो?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुम्ही आजच आत डॉक्टरीणबाईले भेटून घ्या. हात पाहून राहिलो मी तुमचा."

"उद्या येते," वृषालीबाई म्हणाल्या आणि ग्लास दोन्ही हातांनी खाली ठेवला.

उद्या आला तो सरोजचा फोन घेऊन. "अगं बाई, तुझा आकडा पॉइंट सात असायचा, तो एक पॉइंट तीन झालाय! माझा फोन सकाळपासून किंचाळतोय. काय करतेयस तू तिकडं?"

"ऊन आहे गं."

"ऊन वाईला नसतं का? मी निहारला फोन लावते."

"सरोज, तुला माझी शप्पथ आहे."

"शप्पथ घालून मोकळी झालीस," सरोज म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "मी इथून काय करू सांग? धावत येऊ?"

फोन ठेवल्यावर वृषालीबाई डब्यासमोर बसून राहिल्या, आणि डॉक्टरांनी मिठाबद्दल बजावलेलं त्यांना तेव्हा कुठे आठवलं. मीठ खायला लागावं, तर भर जेवणात सगळ्यांसमोर सोडलेलं. का परत धरलं म्हणून विचारतील. गोळी टाकून द्यावी, तर एकदा टाकली होती, तिशीत, डॉक्टरांनी सुरू केल्यावर महिन्याभरातच, आता बरं वाटतंय म्हणून. आणि त्यानंतर जे झालं ते त्यांना परत होऊ द्यायचं नव्हतं. आणि सांगावं, तर दोन महिन्यांत घरात तान्हं बाळ येणार होतं. असल्या बाईच्या हातात कोण देईल बाळ? आपणच सून असतो तर दिलं असतं का? या प्रश्नाचं त्यांना जे उत्तर येत होतं, त्याचीच त्यांना भीती वाटत होती.

पुढे तीन दिवसांनी सकाळी डब्याची वाटी रिकामी निघाली. दिवा लाल होता आणि पट्टीवर अक्षरं सरकत होती: मात्रा मर्यादेबाहेर, गोळी थांबवली आहे, आपल्या विभागातील केंद्राशी संपर्क साधा. आपला विभाग कुठला, हे डब्यालाही सांगता येत नव्हतं. त्यांनी टोपी परत घातली.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास तेजल तिच्या बाळंतपणाच्या वर्गातून एक बाहुली घेऊन आली. तीन किलोची, नवजात बाळासारखी मान टाकणारी. सरावासाठी वर्गातून ती घरी देत.

"आई, माझी आई म्हणते, आंघोळीला बाई लावू. मी म्हटलं, काही नाही, आमच्या आई घालतील. निहारला तुम्हीच घातली नं? दाखवा नं मला, पायावर कसं घ्यायचं."

वृषालीबाईंना इतका आनंद झाला की लाल दिवा त्या क्षणभर विसरल्या. न्हाणीत पाटावर बसल्या, पाय लांब केले, बाहुली नडग्यांवर पालथी घेतली. एका हाताने हनुवटीखाली आधार, दुसऱ्या हाताने पाठीवर पाणी. हातांना सगळं आठवत होतं. तेजल दारात उभी राहून फोनवर चित्र घेत होती.

मग डावा हात थडथडला आणि थांबेचना. बाहुली पायावरून घसरली. डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज झाला आणि बाहुली, तिला शिकवलं होतं तशी, कळवळून रडायला लागली.

"अहो, बाहुली आहे आई! काही नाही झालं," तेजल हसत पुढे आली आणि थबकली. "आई? तुम्ही अशा काहून थरथरून राहिल्या?"

"मी नाही घालणार आंघोळ," वृषालीबाई म्हणाल्या. "तेजल, माझ्या हातात बाळ देऊ नकोस. आधी माझं ऐकून घे."

आणि तिथेच, ओल्या पाटावर बसून, रडणारी बाहुली मांडीवर घेऊन, त्यांनी सगळं सांगितलं. औषधाचं नाव सांगितलं. निहार चार वर्षांचा होता तेव्हा गोळ्या टाकून दिल्या, पाच दिवस डोळ्याला डोळा लागला नाही, स्वयंपाकघराच्या भिंती निळ्या रंगवल्या, ते सांगितलं. पाचव्या दिवशी दुपारी मी निहारला कडेवर घेऊन कृष्णेच्या घाटावर गेले, आपल्याला पाण्यावरून चालता येतं असं मला पक्कं कळलं होतं, कमरेपर्यंत पाण्यात गेल्यावर एका माणसाने ओढून बाहेर काढलं, हेही सांगितलं. नंतर अडीच महिने पुण्याच्या इस्पितळात. निहारला सांगितलं, आई माहेरी गेली.

तेजलचा चेहरा पांढरा पडला होता. तिचा एक हात आपोआप पोटावर गेला. वृषालीबाईंनी तो पाहिला आणि मान खाली घातली.

"मला भीती वाटली ऐकून," तेजल म्हणाली. "खोटं काहून बोलू. वाटली."

"वाटणारच."

"आणि मीठ? मीठ सोडलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"विसरले होते. नंतर आठवलं."

"आणि आठवल्यावरही खात राहिल्या अळणी? माझ्यासाठी?" तेजलचा आवाज एकदम चढला. "मी काय सांगितलं असतं बाळाला, आजीला मीच मारलं म्हणून? उठा. उठा तुम्ही आधी." तिने बाहुलीची कळ दाबून रडणं बंद केलं, वृषालीबाईंच्या काखेत हात घातला आणि सात महिन्यांचं पोट सांभाळत त्यांना उभं केलं. "मी डबा घेते. चपला घाला."

केंद्रात गेडामांनी दोघींना पाहिलं आणि एक शब्द न विचारता आतली खाट मोकळी केली. डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, सलाईन लावलं. आकडा एक पॉइंट सहा होता. मूत्रपिंडं धड होती. आणखी दोन दिवस असेच गेले असते तर बोलणं वेगळं झालं असतं, असं त्या म्हणाल्या. मग तेजलकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्हाला मीठ बंद करायला कोणी सांगितलं? कमी म्हटलं की कमी. जेवणात घालायचं, वरून घ्यायचं नाही."

सोबतीचा फॉर्म गेडामांनी तेजलला वाचून दाखवला. इशारा रात्री-बेरात्रीही येईल. झोप कमी झाली, बोलणं वाढलं तर कळवायचं. रागावायचं नाही. हे शेवटचं फॉर्मवर नव्हतं, ते गेडामांनी आपल्या मनाने घातलं. तेजलने अंगठा पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"आई, माझी एक अट आहे. मी निहारपासून लपवणार नाही. त्याला तुम्ही सांगायचं. आज."

वृषालीबाईंनी डोळे मिटून मान हलवली. तेजलचा अंगठा काचेवर पडला, आणि चंद्रपूरच्या केंद्रातल्या पडद्यावर त्यांचं नाव पहिल्यांदा उमटलं.

तेजलचा फोन गेल्यावर निहार दीडच्या सुमारास खाणीवरून थेट केंद्रात आला. बुटांना खाणीची काळी माती, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. आईच्या हातात सलाईनची सुई बघून तो खाटेच्या कडेला बसला. तेजल उठून बाहेर जाऊन बसली.

दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वृषालीबाईंना वाटलं होतं. ते जास्त अवघड गेलं. निळ्या भिंतींपर्यंत आल्या आणि त्यांना पुढे बोलवेना.

"मग आपण घाटावर गेलो," निहार म्हणाला.

त्यांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. "तुला आठवतं?"

"पाणी आठवतं. थंड होतं. तू हसत होतीस." तो सलाईनच्या नळीकडे बघत बोलत होता. "मी जोरात रडायला लागलो. म्हणालो, मला तू नको, मला घरी जायचंय. खूप ओरडलो. आणि दुसऱ्या दिवशी उठलो तर तू नव्हतीस."

"निहार—"

"बाबा म्हणाले, आई माहेरी गेली. मला माहीत होतं का गेली ते. मी नको म्हणालो म्हणून गेली. तू परत आल्यावर मी ठरवलं, आता आईला कधीच कशाला नाही म्हणायचं नाही." बत्तीस वर्षांचा तो माणूस हसल्यासारखं करायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. "मी कुणाला सांगितलं नाही हे. तेजललाही नाही."

वृषालीबाईंना वाटत होतं, आपण अठ्ठावीस वर्षं एक गोष्ट पोटात ठेवून मुलाला वाचवलं. आणि तो तेवढीच वर्षं ती गोष्ट, उलटी करून, स्वतःच्या डोक्यावर घेऊन हिंडत होता. त्यांना हुंदका आवरेना. सुई नसलेला, अजून थरथरणारा हात त्यांनी पुढे केला आणि त्याची मान आपल्याकडे ओढली.

"अरे वेड्या, ऐक. घाटावर तेव्हा कुणी नव्हतं. चिटपाखरू नव्हतं. वरच्या देवळात एक माणूस झोपला होता. तू ओरडलास ना, त्या आवाजाने तो जागा झाला आणि धावत आला. त्याने नंतर तुझ्या बाबांना सांगितलं, पोरगं नसतं ओरडलं तर मला कळलंच नसतं. तुझ्यामुळे गेले नाही रे मी. तुझ्यामुळे राहिले. दोघंही राहिलो आपण."

निहारने मान वर केली नाही. त्याचे खांदे हलत होते. बाहेरच्या खोलीत गेडाम कुणाला तरी गोळ्या जेवणानंतर घ्यायला सांगत होते.

"परत सांग," तो म्हणाला.

आणि त्यांनी परत सांगितलं, पहिल्यापासून, सावकाश, काही न गाळता.